जिजीचा राखणदार

लग्न झाल्यावर आम्ही दोघं वऱ्हाडातून सुरतेला आलो आणि लिंबायतमध्ये खोली शोधता शोधता जीव मेटाकुटीला आला. कुणाला मटण चालत नव्हतं, कुणाला पाहुणे चालत नव्हते, एका घरमालकानं तर पोरं किती होऊ देणार हे आधीच विचारून घेतलं. शेवटच्या गल्लीतल्या घरमालकिणीनं यातलं काहीच विचारलं नाही. ओट्यावर बसून ती साडीला लेस लावत होती. तिनं आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं, सुई लेसमध्ये टोचून ठेवली आणि म्हणाली, "दात दाखवा."

माझ्या नवऱ्याला वाटलं, सुरतेत असंच काहीतरी असेल. त्यानं मुकाट्यानं तोंड उघडलं.

"बैल घेताना दात बघतात की नाही?" ती मला म्हणाली. "मग भाडेकरू घेताना का बघू नये? बैल तर गोठ्यात राहतो. तुम्ही माझ्या डोक्यावर राहणार, वरच्या मजल्यावर. हा सुपारी खातो बघ. जिन्यात पिंक दिसली तर जिना हाच धुणार." मग माझे दात बघून तिनं मान हलवली. "ही चालेल."

मी खोली मिळाल्याच्या आनंदात होते, तरी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. दुसऱ्याच्या बत्तिशीची एवढी झडती घेणारी ही बाई स्वतः बोलताना पदराचं टोक ओठांशी धरून बोलत होती. हसली तर पदर अख्ख्या तोंडावर.

गल्लीत सगळे तिला जिजी म्हणायचे. खानदेशात घरातल्या थोरल्या बाईला म्हणतात तसं. तिचा नवरा पॉवरलूमवर आयुष्य काढून घरी बसला होता. त्याचे कान लूमच्या खडखडाटानं केव्हाच गेले होते, त्यामुळे घरात बोलायचं काम एकट्या जिजीला करावं लागे आणि ते ती दोघांच्या वाट्याचं करायची. मी आजवर पुष्कळ बोलकी माणसं पाहिली. पण जिजी बोलायला लागली की गल्लीतले रिक्षावाले इंजिन बंद करून ऐकत, हे मी स्वतः बघितलं आहे.

तिला माणसांची नावं लक्षात राहत नसत. "नाव कुणी पण ठेवतं, दात ज्याचे त्याचे असतात," असं तिचं म्हणणं. दूधवाला 'फटीवाला', समोरची शिंपीण 'कुदळीवाली', कोपऱ्यावरचा किराणावाला 'अर्धी बत्तिशी'. गंमत म्हणजे ही माणसंसुद्धा त्या नावांना ओ द्यायची. मला ती 'दवाखानावाली' म्हणायला लागली, कारण महिन्याभरात मला पर्वत पाटियाच्या एका दातांच्या दवाखान्यात मदतनिसाचं काम लागलं. वाकडे दात तारा लावून सरळ करणारे डॉक्टर होते ते. तरुण, गुजराती, शांत माणूस. मी दातांच्या दवाखान्यात लागले हे कळल्यावर जिजीनं मला कडेवर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

एकदा पाऊस नव्हता, पाहुणे नव्हते, लेसचा माल आलेला नव्हता, अशा रिकाम्या दुपारी उरलेली लेस गुंडाळता गुंडाळता तिनं मला पदराची गोष्ट सांगितली. लहानपणी तिचे वरचे दात पुढे होते आणि एकमेकांवर चढलेले होते. गावातली पोरं तिला 'दातरी' म्हणत. सणाला हाक मारून विचारत, "दातरी, खोबरं किसून देतेस का?" तिला बघायला पाहुणे येणार होते त्या सकाळी तिच्या आईनं तिची वेणी घातली, कुंकू लावलं आणि कानात सांगितलं, "तोंड मीट वं पोरी. लगीन लागेपर्यंत तोंड मीट."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, लग्न लागलं. पण तोंड उघड असं सांगायला आई विसरली."

हे सांगून ती खूप हसली, अर्थातच पदराआड. मला हसू आलं नाही. आईबद्दल मात्र तिच्या मनात अढी नव्हती. उलट म्हातारपणी आईचे सगळे दात पडले तेव्हा तिला गावाहून सुरतेला आणून जिजीनंच कवळी करवून दिली होती. आई गेली तेव्हा रडारडीत ती कवळी कुठे राहिली कुणालाच कळलं नाही. तिच्या भावजयीला त्याची फार चुटपुट लागली होती, म्हातारी बिनदाताची गेली म्हणून. या कवळीची गोष्ट लक्षात असू द्या.

एकदा मी डबा विसरले म्हणून जिजी तो घेऊन दवाखान्यात आली. टेबलावर पांढऱ्या प्लास्टरचे दोन साचे ठेवले होते, एकाच मुलीच्या दातांचे, तारा लावायच्या आधीचा आणि नंतरचा. जिजीनं दोन्ही उचलले. लेस तपासावी तसं एकेका दातावरून बोट फिरवलं. "ही कोण, आणि ही तिची कोण?" तिनं विचारलं. मी सांगितलं, दोन्ही एकच मुलगी आहे. त्यानंतर ती इतका वेळ गप्प बसली की डॉक्टरांना वाटलं, मावशीला चक्कर आली. ते पाणी घेऊन आले. जिजीनं पाणी प्यायलं आणि म्हणाली, "माले बी जोयजे."

मलाही पाहिजे. डॉक्टरांना अहिराणी कळत नव्हती, तरी हे कळलं.

"मासी, आ उमरे?" ते म्हणाले. म्हणजे, या वयात?

"आमच्या गल्लीत रस्ता रुंद करायला आले तेव्हा पक्क्या घरांचे ओटे मागं सरकवले," जिजी म्हणाली. "ओटे सरकतात तर दात का नाही सरकणार?" डॉक्टरांनी तिचं तोंड तपासलं, फोटो काढले, हिरड्या दाबून पाहिल्या, आणि मोठ्या माणसाला वेळ लागतो पण होतं, असं म्हणाले. मी तिथेच टाळी वाजवली. मला राहवलंच नाही.

आणि पन्नाशी ओलांडलेल्या जिजीच्या दातांना तारा लागल्या. गल्लीत नुसता गोंधळ. ज्याला त्याला बोलायला विषय. कुदळीवाली शिंपीण म्हणाली, "बूढी घोडी लाल लगाम." जिजी म्हणाली, "लगाम माझ्या हातात आहे ना? मग तू का खिंकाळतेस?" तारांवर बसवायची रबरी कडी रंगीत मिळतात, हे कळल्यावर तर तिला सुचेना की काय करू आणि काय नको. घरी आलेल्या साड्यांच्या मालाला ज्या रंगाची लेस असेल त्याच रंगाची कडी तिला पाहिजे. दर वेळी ती पिशवीत लेसचा तुकडा घेऊन दवाखान्यात यायची आणि डॉक्टर बिचारे गुलाबीतला नेमका गुलाबी शोधत बसायचे. दुखायचं, गाल सोलले जायचे, भाकरी दुधात चुरून खावी लागायची. तिनं कधी हूं की चूं केलं नाही. "ताणा ताणल्याशिवाय कापड निघतं का?" एवढंच म्हणायची. लूमवाल्याची बायको होती ती.

तारा निघाल्या तो दिवस मी विसरणार नाही. डॉक्टरांनी हातात आरसा दिला. जिजीनं आरशात बघितलं आणि तिचा हात सवयीनं पदराकडे गेला. मग तो हात वाटेतच थांबला. तिनं तो खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं दाबून धरला. आणि हसली. सगळे दात, ओळीनं, लखलखीत. मी रडत होते आणि डॉक्टर उगाचच चष्मा पुसत होते. त्या संध्याकाळी तिनं सगळ्या गल्लीत घारी, सुरतेची तुपातली मिठाई, वाटली आणि स्वतः मात्र खाल्ली नाही, दात खराब होतात म्हणून. दात मिळाल्यावर तिनं हसायला कारण ठेवलंच नाही. फटीवाला दूध घालायला आला की हसायची, वीज गेली की हसायची, तिच्या बहिऱ्या नवऱ्यासमोर उभी राहून नुसतीच हसायची. तोही हसायचा. आयुष्यभर साठवून ठेवलेलं सगळं तिला बहुतेक एकदमच खर्च करायचं होतं.

पण डॉक्टरांनी त्याच दिवशी तिला एक धक्काही दिला होता. तारा काढल्यावर दात पुन्हा जुन्या जागी जायला बघतात, म्हणून रोज रात्री घालायला त्यांनी रिटेनर दिला. वरच्या दातांचा पातळ, पारदर्शक साचा. दातांनी कात टाकावी आणि ती आपण जपून ठेवावी, तसा दिसतो तो. "मासी, रोज रात्रे पहेरवानुं. भूलशो तो दांत पाछा जशे."

"पाछा म्हणजे?" जिजी मला म्हणाली. "एवढं सगळं करून परत जाणार? मेले बेइमान."

रिक्षात ती सबंध रस्ता घुश्श्यात होती. लिंबायतचा पूल आला आणि अचानक तिनं माझ्या मांडीवर थाप मारली. "कळलं मला. दात बी गावले जातस." मग तिनं ते मला समजावून सांगितलं, मला म्हणजे मला आणि रिक्षावाल्याला. आपली माणसं सुरतेत कशी ओळीत उभी असतात, मशीनवर, नळावर, रेशनला. अखाजीचा सण आला, मालकानं हात सैल सोडला, की लागली गावाच्या वाटेला. कितीही वर्षं सुरतेत काढा, गाव ते गाव. "दातांचं गाव हाडात असतं बघ. त्यांचा काय दोष? पण आपण दाराशी राखणदार बसवायचा." त्या दिवसापासून रिटेनर हा शब्द आमच्या गल्लीत कुणी वापरला नाही. तो राखणदार झाला.

राखणदाराचा थाट विचारू नका. त्याला स्टीलची झाकणाची डबी. अंघोळ गार पाण्याची. गरम पाण्यानं किंवा आचेनं तो वाकडा होतो, हे मी एकदा सांगितलं आणि जिजीनं त्याला गॅसपासून असा लांब ठेवला, जसं भांडकुदळ सासूपासून सुनेला ठेवतात. डबीची जागा देवघराच्या खालच्या फळीवर, कारण तिथे कुणी हात लावत नाही. जेवणं झाली की तो तोंडात जायचा आणि त्यानंतर जिजीचं बोलणं बंद, कारण त्याच्यासकट बोललं की तिचं तिलाच हसू यायचं. यामुळे गल्लीची पंचाईत झाली. आमच्याकडची नळावरची, पार्किंगची, नवराबायकोची भांडणं सोडवायला सगळे जिजीकडे यायचे. आता ती राखणदार बसायच्या आत आणावी लागत. उशीर झाला तर जिजी फक्त बोटानं दाताकडे खूण करायची, आणि दोन्ही बाजूंना दुसऱ्या दिवशीपर्यंत न भांडता थांबावं लागायचं. बरीचशी भांडणं त्या रात्रीतच विरून जायची. राखणदारानं दातांपेक्षा आमच्या गल्लीचीच राखण जास्त केली, असं माझा नवरा म्हणायचा.

मग अखाजी आली. म्हणजे अक्षय तृतीया, पण खानदेशी माणसाला तुम्ही तसं म्हणालात तर त्याला सण कळणार नाही. अखाजीला आमची गल्ली ओस पडते. लेकी माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, पितरांना घागर भरून मांडे आणि आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखवतात. त्या वर्षी जिजीच्या उत्साहाला पारावार नव्हता. सण तर होताच, वर तिच्या भावाच्या नातीचं लग्नही सुट्टीतच होतं. जिजी आत्याआजी. हळदीची गाणी तीच सांगणार होती.

"त्याच अंगणात," बॅग भरताना ती मला म्हणाली. "जिथं मला दातरी म्हणायचे ना, त्याच अंगणात उभी राहून गाणार आहे. तोंड उघडून. आतापर्यंत पदरातून गायले, त्यामुळे कुणाला शब्द कळलेच नाहीत." गळा तिचा फार गोड होता. मीही तिचं गाणं तोवर पदरातूनच ऐकलं होतं. राखणदाराची डबी तिनं पिशवीत नाही, कंबरेला खोचून नेली.

सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल यायचा. झोका दाखव, आंबे दाखव, आणि प्रत्येक वेळी दात दाखव. अखाजीनंतर एकदम फोन कमी झाले. आला तरी आवाजाचा यायचा, आणि "रेंज नाही गं" म्हणून लवकर ठेवला जायचा. मला चैन पडेना. एके दिवशी मीच व्हिडिओ कॉल लावला. तिनं उचलला. मागे मांडवाचे बांबू दिसत होते, माणसांची ये-जा दिसत होती, आणि पुढे जिजी होती. तोंडावर पदर धरून.

मी फोन डोळ्यांजवळ नेला.

"जिजी, पदर काढा."

"ऊन लागतंय गं."

"सावलीत आहात तुम्ही. दिसतंय मला. पदर काढा."

तिनं हळूच पदर खाली केला आणि ओठ उघडले. वरच्या पुढच्या दातांपैकी एक दात कूस बदलल्यासारखा तिरपा झाला होता आणि शेजारच्याच्या अंगावर रेलला होता. बाकीचेही अगदी पहिल्यासारखे नव्हते. राखणदार उन्हानं वाकडा झाला, तोंडात जाईना, असं तिनं सांगितलं. अखाजीच्या दिवशीच झाला होता. एवढे दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. "खानदेशातलं ऊन काय साधं असतं?" ती म्हणाली. मी म्हटलं, आजच्या गाडीनं निघून या, डॉक्टर नवीन करून देतील. ती म्हणाली, हळद उद्यावर आली, आता आत्याआजी निघून गेली तर लोक काय म्हणतील. मग थोडी थांबून म्हणाली, "गाणी दुसरी कुणीतरी सांगेल. मी माझी मागं बसेन. सवय आहे मला."

ते 'सवय आहे मला' मला सहन झालं नाही. मी तशीच डॉक्टरांकडे गेले. तारा काढल्यावर घेतलेला जिजीच्या दातांचा प्लास्टरचा साचा आमच्या कपाटात होता. डॉक्टरांनी काही न विचारता तो काढला, प्लास्टिकचा पातळ पत्रा यंत्रात तापवून त्यावर दाबला आणि कडा घासून नवीन राखणदार माझ्या हातात दिला. दात जास्त सरकले असतील तर तो बसणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. "न बेसे तो जोर नहीं करवानुं. एमने अहीं लई आवजो." म्हणजे, तिला इकडे घेऊन या. आणि मग, तो शांत माणूस, जरा घुटमळून म्हणाला, "मासीने कहेजो, गावानुं तो दांत वगर पण थाय." गायला दात लागत नाहीत. मी म्हटलं, डॉक्टर, ते तिच्या गावाला जाऊन सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उधना स्टेशनावरून मी नंदुरबारची गाडी पकडली. डबी मी जिजीसारखीच कंबरेला खोचली होती. गाडीत सगळी लग्नाचीच माणसं, कुणाच्या मांडीवर आहेराच्या साड्या, कुणाच्या डोक्यावर पंखा, आणि माझ्याजवळ एका बाईचे दात. मला वेड्यासारखं हसू येत होतं. गाव येईपर्यंत मी शंभर वेळा डबी चाचपली असेल. जीपमधून उतरले तेव्हा हळदीची तयारी चालली होती, अंगण शेणानं सारवलेलं, डफवाले बसलेले, बायका गोळा झालेल्या, आणि जिजी कुठे तर घराच्या मागच्या खोलीत, चुलीपाशी, कुणी न सांगितलेलं काम करत बसलेली.

मला बघून ती उठली. मी डबी उघडून पुढे धरली. तिनं हात धुतले, राखणदार उचलला आणि तोंडात घातला. एका बाजूनं बसला. दुसऱ्या बाजूनं बसेना. तो तिरपा दात आत शिरायलाच तयार नव्हता. तिनं अंगठ्यानं दाबलं, डोळ्यांत पाणी आलं. मी तिचा हात धरला. डॉक्टरांनी जोर करू नका म्हणून सांगितलंय, असं मी म्हणाले. तिनं तो काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि अंगणातून बायका ओरडत होत्या, "जिजी, चाल ना वं, गाना कोन सांगी?" जिजीनं पदर ओढून तोंडाशी घेतला. 

तेवढ्यात हळदीचं ताट घ्यायला तिची भावजय आत आली. साठीच्या पुढची, बारीक, सारखी काहीतरी करत असलेली बाई. तिची नजर माझ्या तळहातावर गेली आणि उचललेलं ताट तिनं तसंच खाली ठेवलं.

"हाई त मायना दात," ती म्हणाली. "त्या त वितळी गयात. पुन्हा कशा उनात?"

हे तर आईचे दात, ते तर वितळून गेले, मग पुन्हा कसे आले? तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला काही कळेना. जिजीलाही कळेना. "कोणत्या मायचे?" तिनं विचारलं.

मग एकेक बाहेर यायला लागलं. सुरतेत डबी देवघराखाली ठेवायची सवय, म्हणून इथे आल्यावर जिजीनं ती आईच्या फोटोपुढच्या फळीवर ठेवली होती, तिथे कुणी हात लावत नाही म्हणून. अखाजीच्या दिवशी भावजयीनं फोटो पुसताना डबी उघडली. आत दात. तिला वाटलं, मायची हरवलेली कवळी नणंदेला सुरतेत सापडली आणि ती सणाला घेऊन आली. अखाजीला खानदेशात पितरांना आगारी टाकतात, म्हणजे निखाऱ्यांवर तूप घालून नैवेद्याचा घास सोडतात. पुरणाचे मांडे केले होते. भावजयीनं घास सोडला आणि डबी उघडून निखाऱ्यांच्या अगदी कडेला ठेवली. बघते तर दात हळूहळू मऊ झाले, वाकले, आणि आत ओढल्यासारखे झाले. तिनं हात जोडले. म्हातारीनं स्वीकारले, असं समजून तिनं डबी पुन्हा फळीवर ठेवली आणि नणंदेला वाईट वाटू नये म्हणून कुणाला काही सांगितलं नाही.

"पण निखाऱ्याजवळ कशाला ठेवली?" मी विचारलं.

"मी म्हनं, मायले मांडा चावाले दात लागतीन," भावजय म्हणाली. ती रडायच्या बेतात होती. म्हातारी बिनदाताची गेली, याचा सल तिला इतकी वर्षं होता, आणि त्या दिवशी तिला वाटलं होतं की तो गेला.

जिजी तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्या हातातल्या राखणदाराकडे. मग भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे. फोटोतली म्हातारी तोंड घट्ट मिटून बसली होती, तिचे दात पडल्यानंतरचा फोटो होता तो.

आधी तिचे खांदे हलले. मला वाटलं, रडतेय. मग तोंडातून एक बारीक आवाज निघाला, आणि मग जे काही सुरू झालं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. जिजी हसत होती. पोट धरून, चुलीला टेकून, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या तरी थांबत नव्हती. "मायनी," ती म्हणाली आणि पुढचं बोलता येईना. भावजयीचा हात धरून तिनं तिला अंगणात ओढत नेलं. डफवाले थांबले. बायका उठून उभ्या राहिल्या. "मायनी मना राखणदार खाई टाका," तिनं सगळ्यांना सांगितलं आणि पुन्हा हसत सुटली. आईनं माझा राखणदार खाऊन टाकला. ज्यांना कळलं त्या हसल्या, ज्यांना कळलं नाही त्याही हसल्या, कारण ते हसणं बघून गप्प राहणं कुणालाच शक्य नव्हतं. पदर तिच्या खांद्यावरून घसरून सारवलेल्या जमिनीवर लोळत होता. तोंड सताड उघडं होतं, तो तिरपा दात उन्हात अगदी पुढे दिसत होता, आणि ज्या अंगणाची तिला एवढी धास्ती होती त्या अंगणातलं एकही माणूस दाताबद्दल बोललं नाही.

भावजय एकटीच अजून गोंधळलेली होती. तिनं माझ्या हातातला राखणदार पुन्हा एकदा नीट बघितला आणि जिजीला हळूच विचारलं, "मंग या दात कोना शेतस?" मग हे दात आहेत तरी कुणाचे?

"मना," जिजी म्हणाली, आणि तिनं तोंड उघडून ते सगळ्या अंगणाला दाखवले.